काळा दगड, जांभा आणि चुना : कलबुर्गी–बिदरची वास्तुपरंपरा

कर्नाटकाच्या ईशान्य टोकाला असलेले बिदर आणि कलबुर्गी (पूर्वीचे गुलबर्गा) हे दोन जिल्हे सोलापूर, धाराशिव, लातूर आणि नांदेड यांना लागून आहेत. १९५६ पर्यंत दोन्ही जिल्हे हैदराबाद राज्यात होते. भाषावार पुनर्रचनेत जुना बिदर जिल्हा विभागला गेला. उदगीर, अहमदपूर आणि निलंगा हा भाग मुंबई राज्याकडे गेला, तर औराद, भालकी, बसवकल्याण आणि हुमनाबाद हा भाग म्हैसूर राज्याकडे. सीमा बदलल्या तरी या पट्ट्यातल्या गावांत मराठी, कानडी आणि दखनी आजही एकाच बाजारात ऐकू येतात.

दक्षिणेतल्या दोन हजार वर्षांच्या बांधकामाचा क्रम या दोन जिल्ह्यांत सलग पाहता येतो. त्याचे एक कारण भूगोलात आहे. कलबुर्गीच्या दक्षिणेला भीमा खोऱ्यात चुनखडीचा दगड लागतो, कलबुर्गी शहराच्या परिसरात काळा पाषाण मिळतो आणि बिदरचे पठार जांभ्याचे आहे. दुसरे कारण राजकीय आहे. मान्यखेट, कल्याण, गुलबर्गा आणि बिदर या चार राजधान्या याच टापूत होऊन गेल्या. राजधानी आली की दूरदूरचे स्थपती, सुलेखनकार आणि कारागीर येत. त्यांचे कसब बाहेरचे असे, पण हाताशी असलेला दगड इथलाच. या दोहोंच्या मिलाफातून इथली वास्तुकला घडली.

स्तूप आणि मंदिरे

या परंपरेचा सर्वांत जुना टप्पा भीमेच्या काठी सन्नती आणि कनगनहळ्ळी इथे दिसतो. १९८६ मध्ये सन्नतीच्या चंद्रलांबा देवस्थानातील काली मंदिराचे छत कोसळले. डागडुजी करताना देवीच्या मूर्तीखालच्या शिळेवर सम्राट अशोकाचे लेख असल्याचे लक्षात आले. पुढे जवळच्या कनगनहळ्ळीत भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाने उत्खनन केले आणि एका भव्य स्तूपाचे अवशेष उजेडात आले. तिथल्या एका शिल्पपटावर राजा, राणी आणि सेविका कोरलेल्या असून वर ब्राह्मी लिपीत ‘राया असोको’ अशी अक्षरे आहेत. नाव कोरलेले अशोकाचे शिल्प इथेच प्रथम सापडले. सातवाहन राजांची नावांसह कोरलेली शिल्पेही या स्तूपावर आहेत. हे सारे काम चुनखडीच्या पातळ, गुळगुळीत फळ्यांवर केलेले आहे. याच भागातला थराथराने सुटणारा दगड मराठी घरांमध्ये शहाबादी फरशी म्हणून पिढ्यान्‌पिढ्या वापरात आहे. शहाबाद हे गाव कलबुर्गी जिल्ह्यातच आहे.

नवव्या शतकात सेडम तालुक्यातील मळखेड, म्हणजे जुने मान्यखेट, ही राष्ट्रकूटांची राजधानी होती. वेरूळचे कैलास लेणे याच घराण्याच्या काळात कोरले गेले. मळखेडला आज कागिणा नदीकाठी उत्तरकालीन किल्ल्याचे अवशेष आणि जुनी जैन बस्ती दिसते. अकराव्या शतकात चालुक्यांनी राजधानी कल्याणला, म्हणजे आजच्या बसवकल्याणला नेली. सहावा विक्रमादित्य (१०७६–११२६) हा तिथला सर्वांत प्रसिद्ध राजा. हिंदू वारसाहक्काच्या कायद्याला आधारभूत ठरलेला ‘मिताक्षरा’ हा ग्रंथ विज्ञानेश्वराने त्याच्याच आश्रयाने लिहिला. बाराव्या शतकात बसवेश्वर आणि शरणांची चळवळ याच नगरात उभी राहिली.

चालुक्यकालीन मंदिरकलेचा उत्तम नमुना हुमनाबाद तालुक्यातील जलसंगी इथे आहे. तिथल्या मंदिराच्या बाह्यभिंतींवर कमनीय शिलाबालिका कोरलेल्या आहेत. त्यांतली एक पाटीवर लेख लिहिते आहे आणि तो लेख सहाव्या विक्रमादित्याची स्तुती करणारा आहे. या मंदिरांची रचना खांब आणि तुळई यांवर उभी आहे. दगडाची तुळई स्वतःच्या वजनाने मधोमध तुटण्याचा धोका असतो, म्हणून खांब जवळजवळ ठेवावे लागतात आणि मंडप खांबांनी भरून जातो. चौदाव्या शतकात इथे कमान आणि घुमट आले तेव्हा ही मर्यादा दूर झाली. कमानीतले दगड एकमेकांना दाबून धरतात, त्यामुळे मोठे अंतर पेलता येते. मात्र कमान बाजूच्या भिंतींना बाहेर ढकलत असते. तो रेटा थोपवण्यासाठी भिंती जाड कराव्या लागतात. पुढच्या दोन शतकांतल्या इथल्या सगळ्या मोठ्या इमारतींत हा हिशेब मांडलेला दिसतो.

गुलबर्ग्याचा किल्ला आणि जामा मशीद

१३४७ मध्ये दिल्लीच्या तुघलक सत्तेविरुद्ध दख्खनच्या सरदारांनी उठाव केला आणि अलाउद्दीन हसन बहमन शाह दौलताबादला गादीवर बसला. त्याने राजधानी गुलबर्ग्याला हलवली. रुंद खंदक, दुहेरी तट आणि अर्धगोल बुरूज असलेल्या इथल्या किल्ल्याच्या मध्यावर बाला हिसार नावाचा भरीव दगडी बुरूज आहे. बुरुजांवर जुन्या तोफा आहेत. त्यांतली ‘बारा गजी तोफ’ सुमारे २९ फूट लांब असल्याने पाहणाऱ्यांचे लक्ष सर्वाधिक वेधून घेते.

किल्ल्यातली जामा मशीद भारतातल्या मशिदींमध्ये वेगळी आहे. मशिदीला सहसा मध्ये मोकळे प्रांगण असते आणि त्याभोवती ओवऱ्या असतात. इथे प्रांगणच नाही. २१६ फूट लांब आणि १७६ फूट रुंद असा सगळा भाग छताखाली आहे. १३६७ च्या शिलालेखात बांधणाऱ्याचे नाव रफी असे असून तो इराणातल्या कझवीनचा होता. छत मधल्या भागात रांगेने लहान घुमटांचे आहे, चार कोपऱ्यांवर चार मोठे घुमट आहेत आणि किब्ल्याच्या बाजूचा मुख्य घुमट चौकोनी बैठकीवर उंच उचललेला आहे. एवढ्या मोठ्या बंदिस्त जागेत उजेड आणि वारा कुठून आणायचा, हा प्रश्न रफीने बाहेरच्या बाजू मोकळ्या सोडून सोडवला. तिन्ही बाजूंना अतिशय रुंद आणि बुटक्या खांबांवरून सुटणाऱ्या कमानींच्या ओवऱ्या आहेत आणि त्यांतून उजेड आत पोहोचतो. आतल्या पांढऱ्या गिलाव्यावर तो पसरतो, त्यामुळे मध्यभागही काळोखा वाटत नाही.

या मशिदीची तुलना नेहमी स्पेनमधल्या कोर्दोबाच्या महामशिदीशी केली जाते. कमानींच्या एकामागून एक जाणाऱ्या रांगा दोन्हीकडे आहेत, हे खरे. पण कोर्दोबाचे काम आठव्या शतकात सुरू झाले. तिथे बारीक संगमरवरी खांबांवर दुमजली कमानी आणि वर लाकडी छत आहे, शिवाय मोकळे प्रांगणही आहे. गुलबर्ग्यात जाड चौकोनी खांब आणि घुमटांचे छत आहे. दिसण्यातले साम्य मोठे असले, तरी बांधण्याची रीत निराळी आहे आणि गुलबर्ग्याच्या मशिदीचे मोल तिच्या स्वतंत्र कल्पनेत आहे.

हफ्त गुंबज आणि बंदेनवाजांचा दर्गा

बहमनी सुलतानांच्या कबरींचे दोन समूह गुलबर्ग्यात आहेत. किल्ल्याच्या पश्चिमेला पहिल्या सुलतानांच्या साध्या, भक्कम कबरी आहेत. आत झुकलेल्या भिंती, जाड बांधणी आणि बुटका घुमट ही दिल्लीच्या तुघलक शैलीची लक्षणे तिथे स्पष्ट दिसतात. शहराच्या पूर्वेला ‘हफ्त गुंबज’ हा दुसरा समूह आहे. त्यातली शेवटची आणि सर्वांत मोठी कबर फिरोजशाह बहमनीची. तो १४२२ मध्ये वारला. या कबरीत शेजारीशेजारी दोन घुमटी दालने असून बाहेरच्या भिंतींवर कमानींच्या दोन ओळी आहेत. छज्जे मंदिरांतल्यासारख्या दगडी घोड्यांवर तोललेले आहेत आणि चुन्याच्या गिलाव्यात उठावाची वर्तुळाकार नक्षी आहे. पहिल्या सुलतानाच्या कबरीपासून या कबरीपर्यंतचा प्रवास साधारण साठ वर्षांचा आहे. तेवढ्या काळात दिल्लीचा ठसा पुसट होत गेला आणि स्थानिक पाथरवटांची सवय इमारतीत उतरली.

चौकोनी खोलीवर गोल घुमट बसवण्याची युक्तीही या कबरींमध्ये नीट पाहता येते. खोलीच्या चार कोपऱ्यांत तिरप्या कमानी टाकून वर अष्टकोन तयार केला जातो, अष्टकोनाचे पुन्हा सोळा कोन होतात आणि त्यावर घुमटाचे वर्तुळ टेकते.

हफ्त गुंबजच्याच परिसरात ख्वाजा बंदेनवाज गेसूदराज यांचा दर्गा आहे. १३२१ मध्ये दिल्लीत जन्मलेले हे चिश्ती सूफी संत बालपणी काही काळ दौलताबादला होते. उतारवयात ते गुलबर्ग्याला आले आणि १४२२ मध्ये तिथेच त्यांचे निधन झाले. आतून रंगकाम आणि आरसेकाम असलेल्या या दर्ग्यात सर्व धर्मांचे लोक येतात. सोलापूर, लातूर आणि मराठवाड्यातून उरुसाला जाणाऱ्यांची परंपरा जुनी आहे.

बिदरचा किल्ला

फिरोजशाहनंतर गादीवर आलेल्या अहमदशाह वलीने १४२० च्या दशकात राजधानी बिदरला नेली. जागा निवडण्यामागे स्पष्ट कारण होते. बिदर उंच पठाराच्या काठावर असल्याने उत्तर आणि पूर्वेला नैसर्गिक कडा मिळतो आणि राज्याच्या तेलंगी, कानडी आणि मराठी भागांच्या मध्याजवळ येतो. १४३२ च्या सुमारास किल्ल्याचे मुख्य काम पुरे झाले. तटाला ३७ बुरूज आहेत. दक्षिणेकडे पठार सपाट असल्याने तिथे तिहेरी खंदक आहे. हा खंदक बांधलेला नसून जांभ्याच्या अखंड खडकात कोरून काढलेला आहे. तीन खंदकांमध्ये खडकाच्याच दोन भिंती शिल्लक ठेवल्या आहेत. जांभा जमिनीत असताना मऊ असतो आणि उघड्यावर हवेने कठीण होतो. म्हणून एवढे खोदकाम शक्य झाले आणि निघालेला दगड तटासाठी वापरता आला.

शरझा दरवाजावर कोरलेल्या वाघांच्या जोडीने प्रवेशाचा मार्ग ओळखू येतो. आत सोळा खांबी मशीद आहे. तिचा लेख १४२३–२४ चा, म्हणजे किल्ल्याच्या मोठ्या कामाच्याही आधीचा आहे. जाड गोल खांबांची लांबच लांब रांग आणि साधा गिलावा यांमुळे ती गुलबर्ग्याच्या परंपरेला जवळची वाटते. तख्त महालाच्या कमानींवर रंगीत फरशांमध्ये वाघ आणि उगवता सूर्य काढलेला होता. त्याचे अवशेष अजून दिसतात आणि इराणी राजचिन्हाशी असलेले नाते सांगतात.

रंगीन महाल हे या किल्ल्याचे भूषण आहे. बाहेरच्या दालनात कोरीव लाकडी खांब आहेत. आतल्या खोल्यांत रंगीत फरशा आहेत आणि गुळगुळीत काळ्या दगडात शिंपल्यांचे चमकते तुकडे बसवून वेलबुट्टी आणि फारसी काव्यपंक्ती उमटवल्या आहेत. आजचे बरेचसे काम बहमनींनंतर बिदरवर राज्य करणाऱ्या बरीदशाही घराण्यातील अली बरीदच्या काळचे, सोळाव्या शतकातले आहे. काळ्या पार्श्वभूमीवर चमकती नक्षी ही आवड बिदरच्या बिदरी कामातही दिसते. जस्तात थोडे तांबे मिसळून ओतलेल्या भांड्यावर कारागीर नक्षी कोरतात आणि त्यात चांदीची तार ठोकून बसवतात. नंतर किल्ल्यातली जुनी माती आणि नवसागर यांच्या पाण्यात भांडे बुडवले की धातू काळा पडतो आणि चांदी मात्र चमकत राहते. या कलेला भौगोलिक मानांकन मिळालेले आहे.

बिदर भरात असताना तिथे एक युरोपीय प्रवासी राहून गेला. रशियातल्या त्वेर शहराचा व्यापारी अफानासी निकितिन १४६९ मध्ये चौलला उतरला, पावसाळा त्याने जुन्नरला काढला आणि मग तो बिदरला आला. वास्को द गामा कालिकतला पोहोचण्याच्या सुमारे तीन दशके आधीची ही गोष्ट आहे. निकितिनच्या प्रवासवर्णनात सुलतानाच्या महालाचे सात दरवाजे, आत-बाहेर जाणाऱ्यांची नोंद ठेवणारे कारकून आणि कोरीवकाम व सोन्याने सजलेला राजवाडा यांचे वर्णन आहे. आज भग्न दिसणाऱ्या भिंती कशाने झाकलेल्या होत्या, हे कळण्यासाठी त्याची साक्ष मोलाची आहे.

भूमिगत पाणी

बिदरच्या वास्तूंमधले सर्वांत कल्पक काम जमिनीखाली आहे. पठारावर मोठी नदी नाही. पावसाचे पाणी जांभ्यातून झिरपते आणि खालच्या न झिरपणाऱ्या थरावर अडते. हे पाणी आणण्यासाठी बहमनी काळात इराणी पद्धतीचे ‘करेज’ खोदले गेले. पाणी लागेल अशा ठिकाणी मुख्य विहीर घ्यायची आणि तिथून हलक्या उताराचा बोगदा वस्तीपर्यंत न्यायचा. ठरावीक अंतरावर उभ्या विहिरी ठेवायच्या, म्हणजे खोदताना माती बाहेर काढता येते, आत हवा खेळते आणि वाटेतल्या लोकांना पाणीही शेंदता येते. मोट किंवा रहाट न लावता पाणी आपल्या वजनाने वाहत येते आणि झाकलेले असल्यामुळे उन्हाने आटत नाही. नौबाद, शुक्लतीर्थ आणि जमना मोरी हे बिदरचे तीन करेज आहेत. नौबादचा करेज गेल्या दशकात गाळ काढून पुन्हा मोकळा करण्यात आला.

महमूद गावानचा मदरसा

इराणच्या गिलान प्रांतातून १४५३ मध्ये व्यापारी म्हणून आलेला महमूद गावान बहमनी राज्याचा वजीर झाला. मराठी वाचकाला त्याचे नाव कोकणच्या इतिहासातून परिचित आहे. १४७०–७२ च्या मोहिमेत त्याने खेळणा, म्हणजे आजचा विशाळगड, आणि गोवा घेतले. त्याच सुमारास, १४७२ मध्ये, त्याने बिदर शहरात मदरसा पुरा केला.

सुमारे २०५ फूट लांब आणि १८० फूट रुंद अशी ही तिमजली इमारत आहे. मध्ये चौक, चारही बाजूंना उंच कमानींची दालने, कोपऱ्यांत अध्यापकांची निवासस्थाने आणि दालनांच्या मध्ये विद्यार्थ्यांच्या खोल्या अशी तिची रचना आहे. व्याख्यान दालने पूर्ण उंचीची आहेत, तर खोल्या तीन मजल्यांत विभागलेल्या आहेत. प्रत्येक खोलीला उजेड आणि वारा मिळेल याची काळजी घेतलेली आहे. ग्रंथालयात ३,००० हस्तलिखिते होती, असे सांगितले जाते. दर्शनी बाजूला दोन मिनार होते. उरलेला मिनार सुमारे १३१ फूट उंच आहे. त्यावरच्या निळ्या, पांढऱ्या आणि पिवळ्या फरशांची नागमोडी नक्षी आणि भिंतीवरच्या कुराणातील ओळी अजूनही काही भागांत शाबूत आहेत. इराणातल्या खर्गिर्दचा मदरसा १४४४ चा आहे. बिदरची योजना त्याच परंपरेतली असून भारतात तिला तोड नाही.

गावानचा शेवट दुःखद झाला. विरोधकांनी त्याच्या मोहोरेचे बनावट पत्र तयार केले आणि ५ एप्रिल १४८१ रोजी सुलतानाच्या हुकमाने त्याचा शिरच्छेद झाला. त्यानंतर राज्य खचत गेले आणि अहमदनगर, विजापूर, वऱ्हाड, गोवळकोंडा आणि बिदर अशा पाच शाह्या निर्माण झाल्या. मुघल काळात मदरशात दारूगोळा ठेवला जात असे. १६९६ च्या सुमारास त्याचा स्फोट होऊन एक मिनार आणि दर्शनी बाजूचा मोठा भाग कोसळला.

अष्टूरचे घुमट

बिदरपासून सुमारे तीन किलोमीटरवर अष्टूर गावाजवळ बहमनी सुलतानांच्या कबरी एका ओळीत उभ्या आहेत. १४३६ मध्ये वारलेल्या अहमदशाह वलीची कबर बाहेरून साधी, पण आतून अपूर्व आहे. घुमटाच्या आतल्या भागावर शेंदरी, निळ्या आणि सोनेरी रंगांत वेलबुट्टी आणि फारसी लेख रंगवलेले आहेत. त्यांत किरमानचे सूफी शाह निमतुल्ला यांची वचने आहेत. त्याच १४३६ मध्ये इटलीतल्या फ्लॉरेन्सच्या कॅथेड्रलचा जगप्रसिद्ध घुमट पुरा झाला. जगाच्या दोन भागांत घुमटाची कला एकाच वेळी भरात होती.

अहमदशाहला मुसलमान ‘वली’ मानतात आणि लिंगायत भाविक अल्लमप्रभूंच्या रूपात पाहतात. त्याचा उरूस हिंदू पंचांगाप्रमाणे होळीच्या सुमारास भरतो आणि कलबुर्गी जिल्ह्यातून येणारा लिंगायत जंगम त्यात मानाने सहभागी होतो.

शेजारची हुमायूनशाहची कबर नारळाची अर्धी करवंटी उरावी तशी उभी फाटलेली आहे. वीज पडून ती फुटली असे सांगतात. या भग्नतेमुळे भिंतीची जाडी, कमानीतल्या चिऱ्यांची मांडणी आणि घुमट वर पातळ कसा होत जातो हे सारे उघड दिसते. वास्तुकला शिकणाऱ्यांसाठी ही कबर म्हणजे उघडे पुस्तक आहे. जवळच्या चौखंडीत निमतुल्लांचे पुत्र खलीलुल्ला यांची कबर आहे. बाहेर दुमजली अष्टकोन आणि आत चौकोनी दालन अशी तिची योजना आहे. प्रवेशाच्या काळ्या दगडावरचे सुलेखन दख्खनमधल्या सर्वोत्तम सुलेखनात गणले जाते.

शहराच्या पश्चिमेला बरीदशाही कबरी आहेत. १५७७ च्या सुमारास पुरी झालेली अली बरीदची कबर उंच चौथऱ्यावर असून चारही बाजूंनी मोकळी आहे. गुलबर्ग्याच्या बंद, अंधाऱ्या कबरींनंतर इथे वारा आणि उजेड थेट कबरीपर्यंत येतो.

मराठी परंपरेतले बिदर

मराठी मनात बिदरचे नाव इतिहासाच्या आधी संतकथांतून शिरले. मंगळवेढ्याच्या दामाजीपंतांनी दुष्काळात सरकारी कोठारे खुली केली आणि विठ्ठलाने विठू महाराच्या रूपात बिदरच्या दरबारात भरणा केला, ही कथा घरोघरी माहीत आहे. गुरुचरित्रात वैदुरा नगरीच्या यवन राजाची कथा आहे. ती नगरी म्हणजे बिदर आणि नृसिंह सरस्वतींचे वास्तव्य असलेले गाणगापूर कलबुर्गी जिल्ह्यात भीमा–अमरजा संगमावर आहे. हुमनाबादजवळच्या माणिकनगरला माणिकप्रभूंचे (१८१७–१८६५) समाधिमंदिर आहे. बिदर शहरात शिखांचा गुरुद्वारा नानक झिरा आणि खडकातल्या पाण्यातून चालत जाण्याचे नृसिंह झरणी हे देवस्थान आहे. यात्रेसाठी येणारे लाखो मराठी भाविक या वास्तूंच्या अगदी जवळून जातात.

पाहण्याचा क्रम आणि जतन

कलबुर्गी मुंबई–चेन्नई लोहमार्गावर सोलापूरच्या पुढे आहे. बसवकल्याण आणि हुमनाबाद सोलापूर–हैदराबाद महामार्गाला लागून आहेत आणि बिदर उदगीरहून जवळ पडते. २०१७ पासून बिदर आणि कलबुर्गी थेट रेल्वेने जोडलेले आहेत. आधी कलबुर्गी आणि मग बिदर असा क्रम ठेवला, तर वास्तुशैलीतला बदल काळानुसार समजत जातो. बिदरमध्ये किल्ला आणि मदरसा यांना एक दिवस आणि अष्टूर, बरीदशाही कबरी आणि करेज यांना दुसरा दिवस द्यावा. ऑक्टोबर ते फेब्रुवारी हा काळ सोयीचा आहे. अष्टूरचे रंगकाम पाहण्यासाठी सकाळी लवकर जावे, कारण आत पुरेसा उजेड तेव्हाच पोहोचतो.

या वास्तूंच्या पद्धतशीर अभ्यासाचे श्रेय हैदराबाद संस्थानाच्या पुरातत्त्व खात्याचे संचालक गुलाम याझदानी यांना जाते. त्यांचा बिदरवरील ग्रंथ १९४७ मध्ये प्रसिद्ध झाला आणि आजही तो आधारभूत मानला जातो. २०१४ मध्ये गुलबर्गा, बिदर, विजापूर आणि गोवळकोंडा इथल्या वास्तूंचा युनेस्कोच्या जागतिक वारशाच्या तात्पुरत्या यादीत समावेश झाला.

संरक्षित स्मारकांभोवती कुंपण घालणे तुलनेने सोपे आहे. धोका आहे तो नियमांच्या कक्षेबाहेर राहिलेल्या गोष्टींना. करेजच्या माथ्यावर घरे आणि विंधन विहिरी झाल्या की बोगदा कोरडा पडतो. चुन्याच्या भिंतीवर सिमेंटचा लेप दिला की आतला ओलावा कोंडतो आणि जुना दगड झिजू लागतो. चुना मळणारा, जांभा घडवणारा आणि बिदरीची तार ठोकणारा कारागीर यांना काम मिळत राहिले, तरच दुरुस्ती मूळ पद्धतीने होऊ शकेल. म्हणून इथल्या जतनाच्या योजनांत दगडाइतकेच स्थान या कसबाला मिळायला हवे.